मदत हवी आहे : गावच्या घरातील जुने सामान कोठे विकावे?

रत्नागिरीजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घराची आवराआवर करताना दोन तांब्याची घंगाळे, पितळी समया, चिनी मातीच्या बरण्या आणि माजघरातला सागवानी झोपाळा विकावा असे ठरले आहे. मोडीवाला केवळ वजनावर भाव देतो, त्यात घडणावळीची किंमत शून्य. शिवाय त्याच्या काट्यावर माझा फारसा विश्वास नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा गोव्यात हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात अशा वस्तूंना गिऱ्हाईक मिळते, परंतु झोपाळा तेथवर नेण्याचे भाडेच परवडणार नाही. तेव्हा चाकरमानी गणपतीला गावी येतात त्या दिवसांत, पावसाचा अंदाज घेऊन, पडवीतच सामान मांडून विक्री केल्यास चालेल काय? खाऱ्या हवेने काळवंडलेली भांडी चिंचेने उजळावीत, की जुनेपणाची झाक तशीच राखावी? झोपाळ्याचा भाव कसा ठरवावा, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.