शॉकअपची स्प्रिंग घरीच बदलतोय, दाबायची कशी?

नमस्कार मंडळी,

गाडी १२५ सीसीची, मागे दोन शॉकअप. रोज पहाटे दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून डेअरीला दूध घालतो. परवा गतिरोधकावरून उतरताना खाडकन आवाज आला. घरी येऊन चिखल धुतला, तर डाव्या स्प्रिंगचा खालून दुसरा वेढा तुटलेला.

मेकॅनिक म्हणाला, शॉकअपच बदला. दांड्यावर तेलाचा ओघळ नाही, मग उगाच का बदलू? फक्त स्प्रिंगची जोडी आणली.

गाडी डबल स्टँडला, चाकाखाली पाट, वरचा नट, खालचा बोल्ट, शॉकअप हातात. प्रीलोडची कडी (स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायची) सगळ्यात सैल खाचेवर घेतली. तुटकी स्प्रिंग कशीबशी निघाली. नवी मात्र बोटभर दाबल्याशिवाय वरच्या टोपीखालच्या दोन अर्धगोल चकत्या बसत नाहीत. काल भावाने आणि मी अंगाचा भार देऊन दाबली. शॉकअप सटकला आणि गोठ्याच्या पत्र्याला पोचा पाडून आला. पत्र्याजागी म्हैस असती तर?

काही जुगाड आहे का? शिवाय नवीचे वेढे एका टोकाला दाट आहेत, ते वर की खाली? जुनीची तार ७ मिमी, हिची साडेसात. चालेल ना?

प्रतिसाद:
दादा, आधी ते अंगाने दाबणं बंद करा. जाड पट्टीचे दोन तुकडे आणि आटे पाडलेल्या दोन सळया घ्या. वरची पट्टी टोपीवर, खालची शॉकअपच्या बुडाला. दोन्हीकडचे नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको. दाट वेढ्यांचं उजवीकडे बघा, ती अजून जागेवर आहे.

तारेचा हिशोब मात्र फसवा आहे. घेर आणि वेढे तेवढेच असतील, तर कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. अर्ध्या मिमीत जवळपास ३२ टक्के. किटल्या भरलेल्या असताना मजा, रिकाम्या गाडीवर उड्या.

आणि तेल गळत नाही म्हणजे शॉकअप चांगला, असं नसतं. आत्ता स्प्रिंग नाहीये, तर उभा धरून दांडा हाताने दाबा-ओढा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा जड लागायला हवा.

धागाकर्ता:
दाबून बघितला. मधे दोन बोटं पोकळच जातोय. उद्या उजवा काढतो, तोवर किटल्या भावाच्या गाडीवर.