एनॅमलचं बिडाचं भांडं घ्यावं का?

जुळे_सोलापूर: मुलानं पुण्याहून एनॅमलचं बिडाचं भांडं आणलंय, बाहेरून लाल, आतून पांढरं, झाकणासकट साडेपाच किलो. 6 महिने रोज वापरतेय आणि माझं ठाम मत झालंय की चिंच-गुळाच्या आमटीला आणि मटणाला असं दुसरं भांडं नाही. साध्या बिडाच्या कढईत आमटी तासभर राहिली की काळी पडते, लोखंडाची चव येते, यात तसं काही होत नाही. घरचे म्हणतात पैसे वाया घालवले. तुम्हाला काय वाटतं?

भाकरीचा_तवा: वायाच की ओ ताई. एनॅमल म्हणजे काचच, 800 अंशाच्या आसपास भट्टीत वितळवून लोखंडावर बसवलेली, मग त्यातनं लोह कुठनं उतरणार? आमच्याकडं आई आणि बायको दोघींचं हिमोग्लोबिन कमी, म्हणून मुद्दाम बिडाची कढई वापरतो, आंबट घातलं की उलट लोह जास्त उतरतं. तुम्ही ज्याला काळी आमटी म्हणताय तेच तर आम्हाला पाहिजे! शिजली की लगेच पातेल्यात काढायची, मग चव बिघडत नाही. आणि शेंगाचटणीचे दाणे? कोरडे, सावकाश, खमंग भाजायचे, त्याला कढईच लागते.

जुळे_सोलापूर: दाणे आणि भाकरी मी त्यात करतच नाही, रिकामं तापवलं की एनॅमल खराब होतं. तेल घालून मगच गॅस लावते, आच मध्यम, ढवळायला लाकडी कालथा.

शेळगीकर: माझ्याचा टवका उडालाय, म्हणून लिहिते. मटण काढून घेतलं, तळाला मसाला लागलेला, तसंच तापलेलं भांडं नळाखाली धरलं. टक्कन आवाज झाला आणि नखाएवढी काच निघाली, खाली काळं बीड दिसायला लागलं. काच आणि लोखंड सारखं आकसत नाही ना. लई जीव हळहळला. आता त्यात स्वयंपाक बंद, कारण आतला टवका उडाला की कडेची काच सुटत राहते, जेवणात आली तर काय घ्या.

भाकरीचा_तवा: बघा, हेच म्हणतोय मी, एवढं नाजूक भांडं रोजच्याला कशाला.

शेळगीकर: दादा, तापलेली कढई गार पाण्यात घातली तर साधं बीडही तडकतं. चूक माझी होती, परत घेणार आहे मी.

जुळे_सोलापूर: अगं, खाली लागलं तर गार होऊ द्यायचं, मग पाणी आणि 2 चमचे खायचा सोडा घालून उकळायचं, सगळं सुटून येतं. तारेची घासणी अजिबात नाही. आमच्या बोअरच्या पाण्यानं आत पांढरा थर धरतो, तो व्हिनेगरनं जातो. झाकण बसतं त्या काठावर माझ्या भांड्याला एनॅमल नाही, तिथं आठवड्यात गंज आला, तेव्हापासून पुसून तेलाचं बोट फिरवते.

भाकरीचा_तवा: बरं मटणाचं मान्य. पण रश्श्यानं भरलेलं ते साडेपाच किलोचं धूड आईनं उचलायचं कसं, तिचे गुडघे गेलेत.

जुळे_सोलापूर: उचलायचंच नाही, गॅसवरनंच पळीनं वाढायचं. झाकण ठेवलं की पंगत उठेपर्यंत गरम राहतं. धुवायला मात्र मुलालाच हाक मारते.

भाकरीचा_तवा: आमच्यात ते काम माझ्याकडंच येणार. तरी आमटी कढईतच.