जपानी प्रेमगीतं: 'प्लास्टिक लव्ह'च्या पलीकडे काही ऐकता की नाही?

गवतफूल
परवा मैत्रिणीने तिची जपानी प्रेमगीतांची यादी पाठवली. पहिलं 'प्लास्टिक लव्ह', दुसरं 'मायोनाका नो दोआ', पुढची वीसही त्याच घराण्यातली. लयदार बास, सॅक्सोफोन, रात्रीचं शहर. राग आला, म्हणून हा धागा. (मैत्रिणीचा नाही, यूट्यूबचा.) यूट्यूब जे पुढ्यात टाकेल तेच जपान, असं झालंय.

माझं म्हणणं: जपानी प्रेमगीताचा जीव शब्दांत असतो, आणि सिटी पॉप, म्हणजे हीच वरची लयदार शहरी गाणी, आपण नुसतं ठेक्यासाठी ऐकतो. त्यापेक्षा ही कमी माहीत असलेली तीन ऐका.

'मोमेन नो हांकाचीफु', म्हणजे सुती रुमाल. 1975, गायिका हिरोमी ओता, शब्द ताकाशी मात्सुमोतो, चाल क्योहेई त्सुत्सुमी. मुलगा गाव सोडून पूर्वेकडच्या गाडीने शहरात जातो, मुलगी मागे राहते. प्रत्येक कडव्याचा पहिला अर्धा भाग त्याचा, दुसरा तिचा, आणि दोन्ही एकटी ओताच गाते. तो स्वतःला 'बोकु' म्हणतो, ती स्वतःला 'वाताशी' आणि त्याला 'आनाता' (तू), त्यावरून कोण बोलतंय ते कळतं. तो शहरातून फॅशनची अंगठी पाठवतो. मग सूट घातलेला फोटो पाठवतो, ओळखू न येण्यासारखा. ती म्हणते, मला गवतात लोळणारा तू आवडायचास. तरी वर, इमारतींमधून गार वारा सुटतो तिकडे, जप हो. चौथ्या कडव्यात तो सांगतो की आता मला परत येणं जमणार नाही. तेव्हा ती पहिल्यांदाच एक भेट मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. तोवर भेटवस्तू नाकारणाऱ्या मुलीची ही मागणी आहे.

'कान्दागावा', 1973, कागुयाहिमे हा गट. तोक्योतल्या कान्दा नदीकाठी तीन तातामींची (चटयांची) खोली, म्हणजे जेमतेम 5 चौरस मीटर. न्हाणीघर नाही, त्यामुळे जोडपं गल्लीतल्या सेंतोत, सार्वजनिक स्नानगृहात जातं. गळ्यात मफलरसारखा लाल पंचा. एकत्र बाहेर पडू असं ठरलेलं, पण दर वेळी तीच थंडीत थांबते, ओले केस मुळापर्यंत गारठतात आणि हातातला छोटासा साबण खडखड वाजतो. अख्ख्या गाण्यात 'प्रेम' हा शब्द नाही.

'किता नो यादो कारा', हार्मी मियाको नव्हे, मियाको हारुमी (जपानी नावांत माझी अजून फसगत होते). 1975, एन्का या भावुक, विरहाच्या गाण्यांच्या प्रकारातलं. उत्तरेकडच्या सरायीत बसून एक बाई स्वेटर विणतेय, तो घालणार नाही हे माहीत असून. सुरुवात पत्रासारखी, 'तुमची तब्येत बरी ना' या थाटात, आणि क्रियापदं सगळी अदबीची. ज्याने सोडलं त्याच्याशी ही इतकी अदब!

चहाबाज
असहमत. मला जपानी ओ की ठो येत नाही. 'मायोनाका नो दोआ' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्री दोन वाजता गच्चीत जाऊन चार वेळा ऐकलं. ते प्रेम खोटं का? शब्द कळल्याशिवाय गाणं कळत नाही म्हणायचं, तर सारंगी कोणी ऐकूच नये. आणि हे गाणं 1979 चं, जगाने डोक्यावर घेतलं 2020 मध्ये. गायिका मिकी मात्सुबारा 2004 मध्येच वारली, 44 व्या वर्षी. ज्या यूट्यूबला नावं ठेवताय त्यानेच तिला परत आणलं. तुमच्या शब्दप्रेमींनी मधली चाळीस वर्षं काय केलं?

निशिकासाईकर
इथे तोक्योत राहून मला या धाग्याची गंमत वाटली. 'कमी माहीत असलेली'? कोणाला? 'कान्दागावा' साठी ओलांडलेल्या कुठल्याही जपानी माणसाला तोंडपाठ असतं. आमच्या ऑफिसातले एक बुचो (विभागप्रमुख समजा) दोन ग्लास बिअर झाली की कराओकेत हेच लावतात. 'किता नो यादो कारा'ला 1976 चा जपान रेकॉर्ड पुरस्कार आहे. आपल्याला माहीत नाही म्हणून ते 'अपरिचित', असं म्हणणारे आपण कोण?

खरंच विसरत चाललेलं हवं असेल तर 'गोंदोरा नो उता' घ्या. 1915 चं, इसामु योशिई यांचे शब्द, शिंपेई नाकायामा यांची चाल, नाटकात मात्सुई सुमाकोने गायलेलं. आयुष्य थोडं आहे पोरींनो, ओठांची लाली उतरायच्या आत प्रेम करा, असा एकूण सूर. कुरोसावाच्या 'इकिरु' सिनेमात (1952) मरणाच्या दारातला म्हातारा सरकारी अधिकारी बर्फ पडत असताना बागेतल्या झोपाळ्यावर बसून हेच गातो. तरण्या पोरींसाठी लिहिलेलं गाणं त्याच्या तोंडी! त्यानंतर मला ते पोरींचं गाणं म्हणून ऐकताच येत नाही.

आळशी_अजगर
सुती रुमालवालं वाचून थेट आमचं कोकणच आठवलं. मुंबईला गेलेला चाकरमानी, गावी राहिलेली...

निशिकासाईकर
आलंच का रत्नागिरी! अहो, त्या काळात जपानी खेड्यांतली पोरं शाळा संपल्या संपल्या शहरातल्या कारखान्यांत जात होती, गाड्या भरभरून. ते गाणं त्यांचं आहे, राहू दे की त्यांच्याकडे.

आळशी_अजगर
बरं बुवा. राहू दे.

मांजरपाट
गवतफूल, छान लिहिलंयस, पण एक गोष्ट खटकली. तुझ्या तिन्ही गाण्यांत सोसणारी बाई आहे. एक गावात वाट बघते, एक सेंतोबाहेर कुडकुडते, एक स्वेटर विणते. आणि तिन्हींचे शब्द पुरुषांनी लिहिलेत: मात्सुमोतो, माकोतो किताजो, यू आकू. 'कान्दागावा' तर बाईच्या तोंडचं असून गातातही पुरुष. बाईने कसं झुरावं हे पुरुषांनी ठरवलं आणि आपण त्याला शब्दांचा जीव म्हणायचं?

आता तुझं नावडतं 'प्लास्टिक लव्ह' बघ. 1984. शब्द आणि चाल दोन्ही मारिया ताकेउची यांची. त्यातली बाई एकदा पोळलीय आणि आता सरळ सांगते, मनापासून प्रेम करू नकोस, हा खेळ आहे. 'मायोनाका नो दोआ'चे शब्दही एका बाईचेच, योशिको मिउरा यांचे.

गवतफूल
मांजरपाट, लिहिणारा पुरुष म्हणून बाईचं मन खोटं ठरत नाही. स्वेटरवाली मला झुरणारी वाटतच नाही. ती विणून संपवतेय, टाका घालून. रुमालवाली तर शेवटी त्याला हळूच लाज काढून दाखवते. आणि सिटी पॉपमध्ये असा एक तरी तपशील दाखव, सेंतोतल्या साबणासारखा. सगळं नुसतं शहर आणि रात्र.

मांजरपाट
दाखवते. 'मायोनाका नो दोआ'. तो पुन्हा दिसतो, अंगात करडं जाकीट. त्यावर कॉफीचा डाग आहे, आणि तिला तो डाग ओळखीचा आहे. अजून तसाच आहेस, एवढंच ती म्हणते. पुढे रेकॉर्डची सुई एकाच जागी अडकून तीच धून वाजवत राहते. मला तुझ्या साबणाइतकाच तो डाग छळतो. तू ठेका ऐकत बसलीस, डाग दिसला नाही.

गवतफूल
...

काल रात्री शब्द समोर घेऊन ऐकलं. डाग आहे. म्हणजे पंधरा वर्षं मी ते गाणं चुकीचं ऐकत होते, तेही पुण्यात जपानीचे वर्ग करून. 'सगळं नुसतं शहर आणि रात्र' हे वाक्य मागे घेते. यादीवरचा राग मागे घेत नाही.

मग तुला तायेको ओनुकीचं 'तोत्सुझेन नो ओकुरिमोनो' आवडेल. 1978, शब्द-चाल दोन्ही तिचीच. निरोप न घेता गेलेल्या माणसाकडून अचानक फुलं येतात. खूप संथ आहे, धीराने ऐक.

मांजरपाट
ऐकते. रविवारी.

पाणपोई
माझी भर: 'नादा सोसो'. रिमी नात्सुकावाचं 2001 चं. ओकिनावाच्या बोलीत 'घळाघळा वाहणारे अश्रू'. भावाच्या लग्नात वाजवायला मस्त होईल, नवरानवरीसाठी!

निशिकासाईकर
थांबा थांबा. ते रियोको मोरियामा यांनी आपल्या तरुणपणी वारलेल्या मोठ्या भावासाठी लिहिलंय. चाल बेगिन या इशिगाकी बेटावरच्या गटाची. जुना अल्बम चाळत गेलेल्याचे आभार मानते ती. निदान भावाच्या लग्नात तरी नको.

पाणपोई
बाप रे. वाचवलंत. पण मग ते प्रेमगीत धरायचं की नाही?

आळशी_अजगर
धरा. कोकणात धरतात.

चहाबाज
गवतफूल, तुझं रुमालवालं आज ट्रेनमध्ये ऐकलं. मुद्दाम अर्थ न उघडता, तीन वेळा. एक विचारायचं होतं. मुलीचा भाग सुरू होतो तिथे पहिल्या तिन्ही कडव्यांत ती एकच शब्द म्हणते, 'इइए' असा काहीसा. चौथ्यांदा मी त्याची वाट बघत होतो, तर तो आलाच नाही. ती सरळ 'आनाता'वरच आली. तिथे पोटात काहीतरी झालं. काय अर्थ आहे त्या शब्दाचा?

गवतफूल
'नाही'.