अपस्माराची औषधे: सवलत शोधताना
अपस्माराचे (वारंवार फिट येण्याच्या आजाराचे) औषध दर महिन्याला जिथे कूपनवर जास्त सवलत तिथून घ्यावे, असे सुचवले जाते; त्या सूचनेविषयी मला काळजी वाटते. लिव्हेटिरासिटॅम, लॅमोट्रिजिन यांसारखी औषधे जेनेरिक स्वरूपात (तेच औषध, पण मूळ ब्रँडच्या नावाशिवाय) मिळतात आणि त्यातली बचत बहुधा कूपनपेक्षा टिकाऊ असते. म्हणून आधी डॉक्टरांना तोच पर्याय विचारावा. मात्र फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्याच्या रक्तातील औषधाचे प्रमाण थोडे घटले तरी फिट येऊ शकते, त्यामुळे स्वस्त दिसेल त्या कंपनीची गोळी सतत बदलत राहणे धोक्याचे आहे. कूपनची मुदत संपली आणि पूर्ण किंमत परवडत नसेल, तर गोळ्या पुरवून पुरवून घेऊ नयेत (अचानक खंड पडल्यास लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकते); डॉक्टरांना अडचण स्पष्ट सांगावी आणि उत्पादक कंपनीची रुग्णसाहाय्य योजना आहे का, याची चौकशी औषध संपण्यापूर्वीच करावी.