नवी गाडी, नवी बटणं: तुमचा हात कसा बसला?

आमच्या घरी नुकतीच नवी गाडी आली. आधीच्या गाडीत कित्येक वर्षं काढलेली, त्यामुळे अंधारात, पावसात, मागे मुलं भांडत असतानासुद्धा हात आपसूक बरोबर बटणावर जायचा. नव्या गाडीत सगळ्या जागा बदलल्या. अर्धी बटणं स्टिअरिंगवर आलीत आणि एसीचा निम्मा कारभार स्क्रीनवर गेलाय.

गाडी ताब्यात देताना मोबाइल ब्लूटूथला जोडून मिळाला, सनरूफ उघडझाप करून दाखवलं, आतले रंगीत दिवे दाखवले. चाइल्ड लॉक, जॅकची जागा, समोरची काच धुरकट झाली तर काय दाबायचं, हे सगळं राहून गेलं. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. गाणी काय, नंतरही लावता येतात.

म्हणून आम्ही घरीच शिकवणी लावली. गाडी दारात उभी, पार्किंग ब्रेक लावलेला, मी चालकाच्या जागेवर आणि नवरा शेजारी मॅन्युअल उघडून. त्याने नाव घ्यायचं आणि मी मान न वळवता, नजर समोर ठेवून हात न्यायचा. हेडलाइट, डिपर, वायपरचा वेग, मागचा वायपर, डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणारं बटण). हॅझर्डचं (चारी इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं) बटण आमच्या गाडीत स्क्रीनखाली, सारख्या दिसणाऱ्या बटणांच्या रांगेत मधोमध आहे. पण बोट फिरवलं तर त्याची कड किंचित वर आलेली लागते. ती खूण बोटाला कळल्यावर बघायची गरजच उरली नाही.

तुमच्या गाडीत तुम्हाला काय सापडलं, कशाची सवय व्हायला वेळ लागला, घरातल्या बाकीच्यांना कसं शिकवलंत, सविस्तर लिहा. कोणती गाडी घ्यावी ही चर्चा मात्र इथे नको.

*

फार गरजेचा विषय. आमच्याकडे गाडी एक आणि चालवणारे चौघे, उंची प्रत्येकाची वेगळी. त्यामुळे आमची सुरुवात बटणांपासून नाही, सीटपासून झाली.

सीट आधी पुढेमागे. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. क्लच नसेल तर ब्रेक जोरात दाबून बघायचा. मग पाठ. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राहू द्यायचं, कारण एअरबॅग तिथूनच उघडते आणि तिला फुगायला जागा लागते. माझी आई उंचीने कमी, ती स्टिअरिंगला अगदी चिकटून बसायची. सीट वर उचलायचा खटका सीटच्या बाजूला आहे हे दाखवल्यावर ती मागे सरकून बसू लागली. आता तिला बॉनेटपलीकडचा रस्ताही नीट दिसतो.

हेडरेस्टकडे लोक उशी म्हणून बघतात. ती उशी नाही. मागून धक्का बसला की मान मागे झटकू नये म्हणून ती असते, त्यामुळे तिची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला हवी. खांबावरचा बेल्टही वरखाली सरकतो. पट्टा गळ्यावर न येता खांद्याच्या मधून जावा आणि खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर. आरसे सगळ्यात शेवटी. आधी लावून ठेवले आणि मग सीट हलवली तर पुन्हा लावावे लागतात.

*

छोटीशी भर. इंधनाच्या काट्याजवळ पंपाचं चित्र असतं, त्याच्या शेजारी बारीक बाण बघा. टाकीचं झाकण गाडीच्या ज्या बाजूला, तिकडे तो बाण दाखवतो. फोर्ड कंपनीतले डिझायनर जिम मॉयलन यांनी १९८६ साली ही सूचना लेखी मांडली होती. भाड्याची किंवा दुसऱ्याची गाडी हातात आली की मी आधी तो बाण बघतो.

*

मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर आलेल्यांसाठी लिहिते.

डावा पाय सगळ्यात जास्त छळतो. त्याला क्लच शोधायची सवय असते आणि तिथे सापडतो तो रुंद ब्रेक. मी तो पाय सुरुवातीपासून बाजूच्या फूटरेस्टवर ठेवला आणि सीटही त्या हिशेबाने लावली. उजवा पाय एकटाच दोन्ही पेडल सांभाळतो.

दुसरं म्हणजे क्रीप. डी मध्ये (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकून ब्रेक सोडला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही हळूहळू पुढे सरकतात. गर्दीत आणि पार्किंगमध्ये हे फार सोयीचं, कारण सगळं काम ब्रेकवरच्या पायाने होतं. पण सिग्नलला पाय सैल पडला तर गाडी पुढच्या गाडीकडे निघते. त्यासाठी ऑटो होल्ड आहे. बटण चालू असलं की पूर्ण थांबल्यावर ब्रेक गाडीच धरून ठेवते, पाय काढला तरी. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सुटतो. माझ्या गाडीत प्रत्येक वेळी इंजिन सुरू केल्यावर तो पुन्हा चालू करावा लागतो. मीटरवर हिरवी खूण दिसते, ती बघितल्याशिवाय मी पाय उचलत नाही.

उभी करताना माझा क्रम ठरलेला आहे: ब्रेक, पार्किंग ब्रेक, मग पी (उभी करायचा गिअर). पी मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक छोटा खिळा दात्यात अडकतो. उतारावर थेट पी टाकून ब्रेक सोडला तर सगळं वजन त्या खिळ्यावर येतं आणि निघताना गिअर खटकन सुटतो. पार्किंग ब्रेक आधी लावला की वजन चाकांवर राहतं.

आणि लांब उताराचं. मॅन्युअल गाडीत आपण खालचा गिअर टाकायचो, ते इथे विसरायचं नाही. गिअरच्या दांड्यावरचे एल, बी, एस किंवा स्टिअरिंगमागचे पॅडल, ज्या गाडीत जे असेल ते वापरून गाडी इंजिनवर रोखायची. सतत ब्रेक दाबून उतरलं तर तो तापतो आणि पकड कमी होत जाते. माझ्या भावाची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे. तिच्यात हेच काम मोटर करते आणि वर बॅटरीही थोडी भरते. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ही रोख कमी मिळते, त्यामुळे उंचावरून निघताना तो ती काठोकाठ भरत नाही.

*

वरच्या ताईंनी छान समजावलं आहे. एकच जोडतो: बटणाचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक ज्यांच्याकडे आहे त्यांनी मॅन्युअलमधलं ते पान जरूर वाचा. पायाचा ब्रेक लागेनासा झाला तर अनेक गाड्यांत ते बटण ओढून धरून ठेवल्यावर गाडी चालती असतानाही रोखली जाते. ही गोष्ट शेजारी बसणाऱ्यालाही माहीत हवी, कारण बटण मधोमध असतं आणि त्याचाही हात तिथे पोचतो.

*

धुरकट काचेचा प्रश्न धाग्यात आलाच आहे, त्यावर जरा विस्ताराने लिहितो. पावसात चारपाच माणसं गाडीत बसली की काच आतून वाफ धरते. बहुतेक जण काचेवर फडकं मारतात, एक मिनिटात पुन्हा तेच. मूळ कारण आपला श्वास आणि ओले कपडे. त्यातला दमटपणा गार काचेवर बसतो. आतलीच हवा फिरवणारं बटण (गाडीच्या चित्रात गोल वळलेला बाण) चालू असेल तर तो दमटपणा आतल्या आत राहतो. ते बंद करून बाहेरची हवा घ्यायची, एसी चालू, झोत काचेवर. एसी हवेतलं पाणी गाळून घेतो, म्हणून थंडीतसुद्धा तो लागतोच. हवी तर हवा गरम करा, पण एसी बंद करू नका. पुढच्या काचेचं बटण दाबलं की बऱ्याच गाड्या हे सगळं स्वतःच करतात. पंख्यासारखी कमान काढलेलं चित्र पुढच्या काचेचं, चौकोनाचं मागच्या. मागच्या काचेत तापणाऱ्या तारा असतात, आणि त्या थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

याच्या उलटही घडतं. बाहेर दमट उकाडा आणि आत एसी अगदी थंड, की काच बाहेरून धुरकटते. तेव्हा वायपर फिरवायचा आणि झोत काचेवरून काढायचा. आतून की बाहेरून, हे एका बोटाने काच पुसली की लगेच कळतं.

*

आमचं घर लहान मुलांचं, त्यामुळे माझं सगळं लक्ष मागच्या सीटवर.

चाइल्ड लॉक मागच्या दाराच्या कडेला असतं, दार उघडल्याशिवाय दिसत नाही. कुठे छोटा खटका, कुठे किल्लीच्या टोकाने फिरवायची खाच. लावलं की दार आतून उघडत नाही, बाहेरून उघडतं. हे सासूबाईंना आणि आईला बसवून, दार उघडूनमिटून दाखवलं, कारण एरवी मुलांशेजारी बसणारं मोठं माणूस आत अडकून गडबडतं. काचांचं लॉक वेगळं, चालकाच्या दारावर. एक लावलं म्हणजे दुसरं लागलं असं नाही.

मुलाची सीट बसवायला आम्हाला वेळ लागला आणि तो द्यायलाच हवा. आयसोफिक्सचे (मुलाची सीट थेट गाडीला अडकवायच्या सोयीचे) दोन लोखंडी कडे पाठ आणि बैठक यांच्या फटीत खोल असतात, हाताने चाचपून शोधावे लागतात. सीटचे दोन्ही हात त्यात गेले की खटका ऐकू येतो आणि आमच्या सीटवर लाल पट्टीची हिरवी होते. त्यानंतर वरचा पट्टा किंवा पुढचा टेकू, ज्या सीटला जे असेल ते. शेवटी सीट धरून हलवून बघायची. आणि हे पक्कं लक्षात असू द्या: मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढे ठेवायची असेल तर तिथली एअरबॅग बंदच हवी. बंद होत नसेल तर बाळ मागेच. एअरबॅग त्या सीटच्या पाठीवर आदळते, तिथे बाळाचं डोकं असतं.

*

ताई, सासूबाईंना समोर बसवून दाखवलंत हे फार आवडलं. मी बाबांसाठी तसंच केलं, पण चावीचं. त्यांची काळजी एकच होती, बटणावर चालणारी गाडी, रिमोटची बॅटरी संपली तर? म्हणून घरातच रिमोट उघडला. बाजूची कळ दाबली की आतून खरी धातूची किल्ली निघते. दारावर तिचं भोक कधीकधी हँडलच्या टोपणाखाली झाकलेलं असतं, ते शोधून ठेवलं. आत शिरल्यावर रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून धरायचा. काही गाड्यांत त्याची जागा कप होल्डरपाशी असते. बटणासारखी गोल बॅटरी, पुष्कळ रिमोटमध्ये सीआर २०३२, त्यांनी स्वतः बदलली. तेव्हापासून ते निश्चिंत आहेत.

*

रोज लांबचा प्रवास असल्यामुळे मला सुरक्षेच्या यंत्रणांबद्दल लिहावंसं वाटतं. आजच्या धर्तीचा इलेक्ट्रॉनिक एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) १९७८ मध्ये बॉशने बाजारात आणला, पण तो लागल्यावर पायाला काय जाणवतं हे पुष्कळांना ठाऊक नाही. पेडल थरथरतं, खालून घरघर येते आणि घाबरून माणूस पाय उचलतो. नेमकं तेच करायचं नाही. पूर्ण दाबून धरायचं आणि स्टिअरिंग वळवायचं. चाकं अडकू न देता वळण घेता यावं, यासाठीच तर तो आहे. मुलगी शिकत होती तेव्हा तिला मोकळ्या, रिकाम्या जागी ओल्या जमिनीवर कमी वेगात ही थरथर मुद्दाम अनुभवायला दिली.

लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवायला मदत करणारी यंत्रणा) आणि पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल मी वापरतो, पण पट्टे स्वच्छ रंगवलेल्या रस्त्यावरच. कॅमेरा आरशामागे काचेला असतो, रडार बहुधा पुढच्या बंपरमध्ये. चिखल बसला की दोघांची नजर जाते. काच आणि बंपर पुसणं हा माझ्या निघण्याच्या तयारीचा भाग आहे.

*

डिक्की भरून जाणाऱ्यांनी हेडलाइटच्या जवळची ० ते ३ अशी चकती बघा. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर उठतं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. आकडा वाढवला की झोत खाली येतो. टायरमधली हवाही भरल्या गाडीसाठी वेगळी. आकडे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतात, आणि ते गार टायरचे.

*

धागा काढणारी मीच. किती नव्या गोष्टी मिळाल्या! रिमोटमधली किल्ली काल काढून पाहिली, हँडलचं टोपण सापडायला बराच वेळ लागला. चाकाबद्दल कुणी लिहिलंय का याची वाट बघते आहे. आमच्या डिक्कीतली स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक दिसते.

*

चाकाचं मी सांगतो. बारीक स्टेपनी तात्पुरती असते. तिच्यावरच वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुतेकींवर ताशी ८० किलोमीटर, आणि मूळ चाक दुरुस्त होईपर्यंतच ती वापरायची. तिची हवा नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त असते, ती अधूनमधून तपासा.

मी मुलाला घेऊन घरासमोरच्या सपाट जागेवर एकदा पूर्ण चाक बदललं. पार्किंग ब्रेक लावून, दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगडाचा अडसर लावला. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच, थोडे सैल करायचे. उचलल्यावर चाक नुसतं फिरत राहतं. जॅक लावायच्या जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला खाचांनी दाखवलेल्या असतात, त्या सोडून दुसरीकडे लावला तर पत्रा दबतो. घट्ट करताना नट समोरासमोरचे घ्यायचे, ओळीने नाही.

तिथेच जॅकशेजारी जाड कडीचा एक आकडा मिळेल. तो गाडी ओढून न्यायला. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून आतल्या भोकात तो फिरवून बसवायचा. आमच्या गाडीत त्याचे आटे उलटे निघाले, डावीकडे फिरवलं की घट्ट होतो. तुमच्या गाडीत कसे आहेत ते स्टेपनी बघाल तेव्हाच पाहून घ्या.