एल निनोच्या बातमीवर सोयाबीन कमी करायचं का?

औसेकर_कोरडवाहू: एल निनो आला, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं, आता पाऊस कमी, अशी बातमी आली की आमच्याकडं पारावर एकच सूर, 'यंदा सोयाबीन कमी करा.' मला हे पटत नाही. १९९७ चा एल निनो शतकातल्या सगळ्यात जबर एल निनोंपैकी होता, तरी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. तिकडच्या पाण्यावरून इकडची पेरणी ठरवायची म्हणजे खेळखंडोबा.

मांजराकाठ: सोयीचं वर्ष बरं सापडलं! १९७२ आणि २०१५ चे दुष्काळ कुणी सांगायचे? दोन्ही वेळा पॅसिफिक तापलेलाच होता. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते उगाच नाही. आणि ९७ ला हिंदी महासागरानं हात दिला. आफ्रिकेकडचं पाणी गरम, सुमात्राकडचं गार, म्हणजे आयओडी (इंडियन ओशन डायपोल, हिंदी महासागराच्या दोन टोकांतला तापमानाचा फरक) धन, आणि तो आपल्या पावसाला मदत करतो. दोन्ही समुद्र बघा की.

औसेकर_कोरडवाहू: आयओडी तर २०१९ लाही जोरात होता. देशात ११० टक्के पाऊस, आणि इकडं पाऊस नाही म्हणून ऑगस्टमध्ये औरंगाबादेतून कृत्रिम पावसाची विमानं उडत होती. देशाची सरासरी माझ्या वावरात पडत नाही.

परभणी_हवा: हे खरंय, पण म्हणून समुद्र सोडून कसं चालेल? आपल्याकडं पाऊस बराचसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांनी येतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी तिथं वर तरंगतं. कमी खारट म्हणून हलकं, खालच्या पाण्यात लवकर मिसळत नाही. वरचा पातळ थर झटकन तापतो, २८ अंशांच्या वर राहतो आणि ढगांना वाफ मिळत राहते. नुसतं तापमान बघून भागत नाही, खारटपणाही मोजावा लागतो. त्यासाठी आर्गो या जागतिक प्रकल्पाची तरंगती यंत्रं समुद्रात सोडलीत. दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलवरून दोन्ही मोजत वर येतात. हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज देतं, मी तो बघतो. जूनमधली एल निनोची चर्चा नाही.

औसेकर_कोरडवाहू: बघून करता काय? २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. सोयाबीन ऐन फुलात, दुपारी पानं उलटी पडलेली, नंतर शेंगा पोचट. विहीर आटलेली. पावसाचा खंड आधी कळला असता तरी डोळ्यांनी बघणंच होतं.

परभणी_हवा: खताची दुसरी मात्रा वाचली असती. कोळपं फिरवलं की भेगा बुजतात, आठ दिवस तरी ओल धरते. आणि पेरतानाच सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन घातल्या की एक पीक गेलं तरी दुसरं उभं राहतं.

मांजराकाठ: तुरीला बाजार कोण देणार, तेही गुरुवारी सांगतात का?