शब्द कुठे लागतात, कुठे नाही

शब्द कळले नाहीत तर गाणं अर्धंच पोचतं, हे म्हणणं मला सरसकट पटत नाही. गाण्याचा प्रकार कोणता, यावर सगळं आहे. शास्त्रीय संगीतातल्या तराण्यात 'तनन', 'दीम', 'तोम' असलेच बोल असतात, तरी मैफल रंगते. ख्यालातही बंदिशीचे, म्हणजे बांधलेल्या गीताचे, शब्द मोजकेच. द्रुत तानांच्या, म्हणजे वेगाने घेतलेल्या सुरांच्या लडींच्या, गर्दीत ते नीट ऐकू आले नाहीत म्हणून कुणी उठून जात नाही.

गझलेचं मात्र उलट. गायक दोन ओळींच्या शेराची पहिली ओळ घोळवत राहतो, दर वेळी जरा वेगळ्या वळणाने, आणि ऐकणारा दुसऱ्या ओळीसाठी ताटकळतो. काफिया, म्हणजे यमक, पडला की दाद येते. ही गंमत अर्थ कळल्याशिवाय मिळतच नाही, नुसता सुरेल आवाज ऐकू येतो (तोही काही वाईट नाही म्हणा).

शिवाय शब्दांना अर्थाखेरीज नादही असतो. तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, 'आ' मोकळा लागतो, 'ई'वर आवाज सहज चिमटतो. जाणता गीतकार लांबवायच्या सुराखाली कोणतं अक्षर येतंय ते बघतो. म्हणजे भाषा न कळणाऱ्यालाही गीतकाराचं काम ऐकू येत असतंच, फक्त श्रेय सगळं चालीला जातं.